सा, बी, अलगद

मार्चमधल्या एका मंगळवारी लोइस यांच्या उजव्या हातातून पेन्सिल पडली. त्यांनी ती डाव्या हाताने उचलली आणि परत उजव्या हातात ठेवली. ती पुन्हा पडली. मी रुग्णवाहिकेला फोन केला. त्या दिवसानंतर लोइस यांनी स्वतःच्या हाताने एकही सूर लिहिला नाही.

लोइस अमेरिकन होत्या. चेलो वाजवायच्या आणि संगीत लिहायच्या. त्यांनी पेन्सिलीने खरडलेलं संगीत वादकांना वाचता येईल असं स्वच्छ उतरवून देणं हे माझं काम होतं. अजूनही मी तेच काम करते, फक्त आता दुसऱ्यांसाठी.

मिरजेला गेले की माझी वहिनी दर वेळी विचारते, “वन्सं, तुमचं ते काम म्हणजे नक्की काय हो?” मी समजावून सांगते. ती शांतपणे ऐकून घेते आणि शेवटी म्हणते, “म्हणजे गाण्याचं टायपिंग.” तिचं फारसं चुकत नाही. म्हणून आधी टायपिंगबद्दलच सांगते.

आपला गवई सगळं डोक्यात घेऊन मैफलीत बसतो. इथे जर्मनीत वादकासमोर कागद असतो. त्या कागदावर पाच रेघा आणि त्यांच्यावर, त्यांच्यामध्ये बसवलेले ठिपके. रचना चार जणांसाठी असेल तर रचनाकाराच्या पानावर चौघांच्या ओळी एकाखाली एक असतात, पण वाजवताना प्रत्येकाला फक्त त्याची ओळ हवी असते. ती सुटी करून, नीट मांडून द्यायची. सूर चुकता कामा नयेत हे उघडच आहे. खरी कसोटी असते ती पान उलटण्याची. चेलो हे व्हायोलिनचं थोरलं भावंड, दोन गुडघ्यांत धरून वाजवतात, डाव्या हाताची बोटं तारांवर आणि उजव्या हातात गज. पान उलटायला तिसरा हात नाही. म्हणून उजवीकडच्या पानाच्या तळाशी त्या वादकाला थोडी उसंत मिळेल अशा बेताने सगळ्या ओळी सैल-घट्ट करत आणायच्या. एकेका पानासाठी मी अख्खी दुपार घालवली आहे. मैफलीत एखादा वादक काही घाई न करता, जणू घरी पेपर वाचतोय तसं पान उलटतो, तेव्हा मला जे समाधान मिळतं ते वाल्डॉर्फच्या ऑफिसात कधी मिळालं नव्हतं.

वाल्डॉर्फला मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करत होते. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांना सभ्य भाषेत कळवायच्या. माझे यजमान श्रीकांत मूळचे नागपूरचे, नेकारसुल्मच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर होते. आम्ही विस्लोखला राहत होतो, अजूनही तिथेच राहतो. मुलगी तन्वी आठ वर्षांची झाली तेव्हा तिला संगीतशाळेत घातलं. तिला व्हायोलिन हवं होतं. त्या वर्गात जागा नव्हती, चेलोच्या होती. चेलो शिकवायला लोइस होत्या.

तन्वीने दोन वर्षांत चेलो सोडला. मी मात्र सोडला नाही, असं श्रीकांत म्हणतात. मला वाजवता आजही येत नाही. मी तासाला कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसायची, एवढंच. एकदा लोइसनी तन्वीला स्वतः लिहिलेला एक छोटा धडा दिला. त्यांचं अक्षर म्हणजे पावसाळी किड्यांची रांग. तन्वी अडली. मी पुस्तकातून मान वर करून म्हटलं, “तो ठिपका रेघेवरचा असावा, मधला नव्हे.”

लोइस माझ्याकडे वळल्या. “तुला हे वाचता येतं?”

“नाही. अंदाज केला.”

“बाकी कुणाचा अंदाज बरोबर येत नाही,” त्या म्हणाल्या, आणि पुढच्या आठवड्यात कागदांचा एक गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला.

अशी सुरुवात झाली. आधी शनिवार-रविवार, मग ऑफिसात अर्धवेळ, मग ऑफिस सुटलंच. हळूहळू इतरही लोक कामं घेऊन येऊ लागले. त्यांतले दोन किस्से सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

एका खेड्यातल्या ब्रास बँडचे प्रमुख आले होते. मोठ्या मिशांचे गृहस्थ, सोबत सॉसेजचं पुडकं. त्यांना एका जुन्या चालीच्या सगळ्या ओळी नव्याने मांडून हव्या होत्या, पण पहिल्या ट्रम्पेटला वरचे सूर अजिबात नकोत. मी कारण विचारलं. ते म्हणाले, “आमच्या ट्रम्पेटवाल्याने नवी कवळी बसवली आहे. वरचा सूर लागतो, पण कवळीसकट.” मी सगळे उंच सूर दुसऱ्या ट्रम्पेटला दिले. नंतर कळलं की दुसरा ट्रम्पेटवाला त्या कवळीवाल्याचा जावई होता आणि या बदलामुळे घरात अबोला धरला गेला.

दुसरा किस्सा आपल्याच लोकांचा. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एका वर्षी कुणाला तरी वाटलं, की चार जर्मन तंतुवादक बोलवावेत आणि आरती त्यांच्या साथीने व्हावी. “विद्याताई, तुम्ही फक्त लिहून द्या, वाजवायला ते समर्थ आहेत.” मी लिहून दिलं. चौघांनी सुंदर वाजवलं आणि लिहिलं होतं तिथे अचूक थांबले. आपल्या लोकांनी मात्र टाळ्यांच्या त्याच झपाट्यात दुसरी आरती धरली, मग तिसरी. व्हायोलिनवाली बाई गज हवेत धरून माझ्याकडे पाहत राहिली. “अजून किती?” तिने खुणेने विचारलं. किती ते मला तरी कुठे माहीत होतं? दर वर्षी कोण उभं आहे त्यावर ते ठरतं. शेवटी तिने बाकीच्यांना काहीतरी सांगितलं आणि चौघं एकच सूर लांबवर धरून राहिले, तंबोऱ्यासारखा. खरं तर ही युक्ती मला सुचायला हवी होती. त्या दिवशी लोइस मागच्या रांगेत होत्या. मोदक खाता खाता म्हणाल्या, “आता खरं संगीत सुरू झालं.”

त्यांचं सगळं आयुष्य एका लांब सुराजवळ घुटमळत होतं, असं मला आता वाटतं. आयोवा राज्यात, मक्याच्या शेतांमधल्या एका गावात त्यांचा जन्म झाला. वडील शेतांना तारेची कुंपणं घालून द्यायचे. वारा सुटला की मैलभर ताणलेली तार गुणगुणू लागे. लहानगी लोइस तिला बोट लावायची आणि आवाज बदलला की पळत सुटायची. शाळेत वाद्यं वाटली तेव्हा चेलो शेवटी उरला, कारण तो स्कूलबसमध्ये मावत नव्हता. वडिलांच्या गाडीच्या टपावर, कुंपणाच्या तारांच्या भेंडोळ्यांशेजारी त्यांचा चेलो शाळेत जायचा.

तरुणपणी त्या इकडे एका नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात नोकरीला आल्या. तिथले वादक रंगमंचापुढच्या खोलगट जागेत बसतात. “जन्मभर खड्ड्यात नोकरी केली,” त्या म्हणायच्या, “वर कोण मरतंय आणि कोण लग्न करतंय ते कधी दिसलं नाही.” तिथल्याच व्हायोला वाजवणाऱ्या व्हेर्नरशी त्यांनी लग्न केलं. तो गेल्यावर त्या विस्लोखला आल्या, संगीतशाळेत शिकवू लागल्या आणि उरलेल्या वेळात लिहू लागल्या. मोठ्या सभागृहांत त्यांचं संगीत फार वाजलं नाही. चर्चमध्ये, वाचनालयात, एकदा तर अग्निशामक दलाच्या गॅरेजमध्ये वाजलं. ऐकायला तीस-चाळीस माणसं. त्यांना त्याची खंत होती का, हे मी कधी विचारलं नाही. एक रचना त्यांनी आमच्या स्टेशनवरच्या उशीर झालेल्या गाड्यांच्या घोषणांवरून बेतली होती. तिच्यात मुख्य धून येणार, येणार असं वाटत राहतं आणि ती येते तेव्हा बाकीचे वादक निघून गेलेले असतात. ती ऐकताना रोज त्याच गाड्यांनी हायडेलबर्गला जाणारे लोक डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले होते.

मी मिरजेची आहे हे कळल्यावर त्यांनी मला तंबोऱ्याबद्दल खोदून खोदून विचारलं. मी तंबोरा करणाऱ्यांच्या गल्लीशेजारी वाढले. वाळत घातलेले भोपळे, जवारी लावताना तारेखाली सरकवलेला दोरा, हे सगळं माझ्या शाळेच्या वाटेवरचं. मी त्यांना म्हटलं, “तुमच्या चेलोची सगळ्यात जाड तार सा धरली, तर तिच्या शेजारची आपोआप प होते.” त्या दिवसापासून त्या त्या तारांना सा आणि पा म्हणू लागल्या. उरलेल्या दोन तारा इंग्रजीतच राहिल्या. “दोन पुरे,” त्या म्हणाल्या, “सगळं भाषांतर केलं तर मी कोण ते विसरेन.”

त्यांचा तिसरा मराठी शब्द अलगद. एका होळीला त्या आमच्याकडे जेवायला आल्या होत्या. तव्यावरून उतरलेली पुरणपोळी त्या चिमटीत पकडायला गेल्या. मी ओरडले, “अलगद! दाबू नका, मोडेल.” मग बोटं पसरून, नुसती खाली सरकवून पोळी कशी उचलायची ते दाखवलं. त्यांनी ते तीन-चार वेळा करून पाहिलं, दर वेळी नव्या पोळीवर. पुढे चेलो गाडीत ठेवताना श्रीकांत मदतीला आले की त्या दारातून ओरडायच्या, “श्रीकांत, अलगद!”

आता त्या अक्षराबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. सुरांना इकडे ए, बी, सी अशी अक्षरं आहेत. आपण सीला सा धरला, तर अमेरिकनांचा बी म्हणजे आपला शुद्ध नी. जर्मन लोक मात्र त्या शुद्ध नीला एच म्हणतात, उच्चार ‘हा’. आणि बी हे अक्षर ते कोमल नीसाठी वापरतात, उच्चार ‘बे’. म्हणजे एकच अक्षर, समुद्राच्या अलीकडे एक सूर आणि पलीकडे दुसरा. लोइस दोन्ही भाषांत बोलायच्या. वाक्य इंग्रजी असेल तर शुद्ध, जर्मन असेल तर कोमल, असं मी धरून चालायची. शंका आली तर विचारायची, “हा की बे?” श्रीकांतना त्याची गंमत वाटे. “हे नागपुरात असं कुणाला विचारू नकोस बरं का,” ते म्हणायचे, “मार खाशील.”

मार्चमधल्या त्या मंगळवारी लोइस ‘कुंपण’ नावाची रचना लिहीत होत्या. चार चेलोंसाठी. शेवटची काही पानं उरली होती.

अर्धांगवायूच्या झटक्याने उजवा हात गेला, तोंडाची उजवी बाजू ओढली गेली आणि शब्द इकडचे तिकडे झाले. दवाखान्यातून त्या घरी आल्या. सकाळ-संध्याकाळ नर्स येऊ लागली, दुपारी मी. डावा हात शाबूत होता. चेलोवर सूर डावा हात ठरवतो, आवाज उजवा काढतो. म्हणजे त्यांना सूर धरता येत होता, वाजवता येत नव्हता. मग आम्ही एक पद्धत काढली. त्या खुर्चीत चेलो धरून बसायच्या, डाव्या हाताने तार दाबायच्या आणि मी समोर गुडघ्यांवर बसून गज ओढायची. मला गज येत नाही. जो आवाज निघे तो ऐकून त्या आधी हसायच्या आणि मग मान हलवून होय किंवा नाही सांगायच्या. मी लिहून घ्यायची. एकदा श्रीकांत मला न्यायला आले आणि जिन्यातच थांबले. “अगं, यांनी मांजर बिंजर पाळलंय का?”

“अहो, मीच होते ती.”

“तेच म्हटलं, मांजर इतकं बेसूर नसतं.”

लोइसना मराठी कळलं नाही, पण बाकी सगळं कळलं. त्या इतक्या हसल्या की मला चेलो सावरावा लागला. आजारातले ते महिने मला आठवतात ते अशा हसण्यासकट. हे लिहिताना बरं वाटतं.

उन्हाळ्याच्या शेवटी त्यांना बसवेनासं झालं. शेवटचा सूर त्यांनी पलंगावरून सांगितला. आधी त्यांनी कुंपणाबद्दल काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, अर्धं इंग्रजी, अर्धं जर्मन. मग त्या थांबल्या, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाल्या:

“सा. बी. अलगद.”

बी म्हणाल्या की बे, ते मला कळलं नाही. त्या ओठांतून दोन्ही सारखंच निघत होतं. मी विचारलं, “हा की बे?” त्या हसल्या आणि डाव्या हाताने माझ्या मनगटावर थोपटलं. नंतर त्या झोपल्या. पुढच्या दुपारी विचारू, असं मी ठरवलं. पुढच्या दुपारी त्यांना बोलता येत नव्हतं.

तीन शब्द. पहिला आणि शेवटचा माझ्या भाषेतला, आणि मधलं अक्षर कुणाच्या भाषेतलं ते माहीत नाही. माणूस शेवटी आपल्या लहानपणाकडे जातो असं मनाशी धरून मी अमेरिकन बी लिहिला, म्हणजे शुद्ध नी. जाड तारेवर. त्याच्याखाली अलगदसाठी मी जर्मन शब्द टाकला, ‘त्सार्ट’, म्हणजे हळुवार. आपण नाही का म्हणत, सूर अलगद लावला. मला वाटलं, याहून सरळ भाषांतर कुठलं असणार.

लोइस झोपेतच गेल्या. मी मिरजेला फोन केला तेव्हा वहिनी म्हणाली, “सुटल्या हो बाई.” जर्मनमध्ये या वाक्याचं काय करावं ते मला सुचलं नाही, म्हणून नर्सला मी ते सांगितलं नाही. पण मला ते पटलं होतं. त्या सुटल्या होत्या. मी नव्हते सुटले.

कारण रचना छापायला गेली आणि प्रकाशनसंस्थेच्या संपादक फ्राऊ लिंडनर यांचा फोन आला. काटेकोर बाई. त्यांच्याशी माझं नेहमी छान जमतं, आम्ही दोघी स्वल्पविरामावरून वाद घालणाऱ्या.

“शेवटच्या मात्रेत ‘हा’ आहे,” त्या म्हणाल्या. “बाकीचे तीन चेलो सा, ग, प धरून आहेत. त्यांच्यावर हा फार टोचतो. बे तर नाही ना?”

मी घडलं ते सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, “मग तळटीप द्यावी लागेल. ‘शेवटचा सूर सांगितल्याप्रमाणे लिहून घेतला, तो निश्चित नाही.’ यात तुझा काही दोष आहे असं मी म्हणत नाही, विद्या.”

“कळतं मला.”

“मैफलीच्या आधी मला काय ते सांग. नाहीतर तळटीप.”

तळटीप काही गुन्हा नव्हे. माझ्या धंद्यात ती प्रामाणिकपणाची खूण समजतात. पण ‘कुंपण’ हे त्यांचं शेवटचं काम होतं आणि त्याचा शेवटचा सूर माझ्या हातून कागदावर उतरला होता. तो चुकला असेल, तर त्यांचं बोलणं कायमचं माझ्या चुकीवर संपणार होतं. आणि तो सूर विचारायला आता कुणी नव्हतं. मी दोन्ही सूर पियानोवर पुन्हा पुन्हा वाजवून पाहिले. इतक्यांदा, की दोन्ही बरोबर वाटू लागले आणि मग दोन्ही चूक. श्रीकांत काही दिवस नागपूरचा विनोद करत नव्हते, त्यावरून मला माझा चेहरा कसा झाला असेल ते कळलं.

तालीम आमच्या गावातल्या चर्चमध्ये होती. पहिला चेलो मथियास वाजवणार होता. तो लोइस यांचा जुना शिष्य, आता चाळिशीचा, स्वतःच्या वाद्यवृंदात मुख्य चेलोवादक. लोइसनी आपला चेलो त्यालाच दिला होता. चौघांनी रचना पहिल्यापासून वाजवली. मी माझ्या मांडणीची पानं उलटताना पाहत होते. सगळी वेळेवर उलटली. मग शेवटची मात्रा आली आणि मथियासने तो शुद्ध नी वाजवला. हळुवार वाजवला, जसा लिहिला होता तसा. तो टोचला.

“मला चालतो,” मथियास म्हणाला. “लोइसला आंबट आवडायचं.”

“आंबट वेगळं आणि बिघडलेलं वेगळं,” शेजारची चेलोवाली म्हणाली. “बे करून बघ.”

त्याने बे वाजवला. तो गोड होता. जरा जास्तच गोड, चित्रपट संपल्यासारखा. चौघांत वाद सुरू झाला. एक म्हणाला हा, दुसरी म्हणाली बे, तिसरा म्हणाला जेवायला जाऊ. मी मागच्या बाकावर होते. मथियासने गज खाली ठेवला आणि मला हाक मारली.

“विद्या, ती काय म्हणाली? अर्थ नको सांगू. शब्द सांग.”

मी पुढे गेले. “सा. बी. अलगद.”

“सा म्हणजे ही तार, ते माहीत आहे मला. तिने आम्हा सगळ्यांना छळलंय त्याने. आणि अलागाद?”

“हळुवार. त्सार्ट. तेच लिहिलंय मी.”

“हा शब्द तिला कुठे मिळाला?”

“माझ्याकडे. पोळी उचलताना.”

चौघंही हसले. मथियास हसत हसतच म्हणाला, “दाखव की मग, पोळी कशी उचलतात.”

मला संकोच वाटला, पण दाखवलं. त्याच्या कागदांच्या स्टँडवर माझं पान होतं. त्या पानावर मी बोटं पसरून ठेवली, कागदाला नुसती लागतील एवढीच, दाब न देता. म्हटलं, “अशी. दाबलं तर मोडते.”

मथियास हसायचा थांबला. तो माझ्याकडे नव्हे, माझ्या बोटांकडे पाहत होता.

“गेनाऊ,” तो म्हणाला. म्हणजे अगदी बरोबर. “विद्या, हे हळुवार नाही. हे बोट आहे.”

त्याने जाड तारेवर एच या सुराच्या जागी बोट ठेवलं, पण तार दाबली नाही, फक्त टेकवलं. गज ओढला. घोगरा, फाटका आवाज आला. त्याने बोट तसंच टेकलेलं ठेवून किंचित मागे, बेच्या जागेकडे सरकवलं. आणि तारेतून, जाड तारेच्या स्वतःच्या आवाजापेक्षा पुष्कळ वरून, एक बारीक सूर बाहेर आला. कुणी तो वाजवतंय असं वाटत नव्हतं. तो तारेतच होता आणि बोटाने फक्त बाकीचं बाजूला केलं होतं.

मी तंबोऱ्याच्या गावची. तंबोरा नीट लागला की न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आलेले. लोइसनाही सांगितलेलं. आणि तरी मला सुचलं नव्हतं. अलगद हा शब्द मला जन्मापासून येत होता, हीच अडचण झाली. मी त्याचा गायकीतला अर्थ घेतला. त्यांच्याकडे एकच अर्थ होता, पोळीचा.

बाकीच्या तिघांनी सा, ग, प धरले. मथियासने तो सूर वर ठेवला. कोमल नी, पण पियानोवरचा नव्हे, त्याहून जरा उतरलेला. मघाचा गोडपणा त्यात नव्हता. वाऱ्यात तार गुणगुणावी तसं काहीतरी होतं. कुंपण. सूर संपल्यावर जेवायला जाऊ म्हणणारासुद्धा जागचा हलला नाही.

“एचच्या जागी असं काही निघतच नाही,” मथियास म्हणाला. “तारेत तो सूर नाहीच. बे आहे. तिने निवड आपल्यावर ठेवलीच नव्हती.”

मी बाकावर जाऊन बसले. खूप दिवसांनी पाठ टेकून बसले. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आधी भूक लागली. आम्ही सगळे खरंच जेवायला गेलो.

फ्राऊ लिंडनर यांना मी त्याच संध्याकाळी फोन केला. त्यांनी सगळं ऐकलं, दोनदा ‘होय, होय’ म्हणाल्या आणि मग कामाचं विचारलं. “तळटीप काढते. सुरावर गोल घालू, म्हणजे तार दाबायची नाही हे कळेल. पण त्सार्ट तर आता चूक आहे. तिथे काय घालायचं?”

“जर्मन शब्द मला माहीत नाही,” मी म्हटलं.

“तर मग तिचाच घालू या,” त्या म्हणाल्या. “स्पेलिंग सांग.”

मैफलीला तन्वी बर्लिनहून आली होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती जर्मनमध्ये देते. शेवटचा सूर विरल्यावर ती माझ्या कानाशी आली. ती काहीतरी लांबलचक जर्मन वाक्य बोलेल म्हणून मी थांबले. तिने फक्त माझ्या मनगटावर थोपटलं, डाव्या हाताने. तिने हे कुठे पाहिलं होतं ते मी विचारलं नाही.

लोइस यांच्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं. चेलो मथियासकडे आहे. माझ्या टेबलावर ब्रास बँडच्या गृहस्थांचं नवं काम आहे. कवळी आता सरावली आहे आणि वरचे सूर परत हवे आहेत. ‘कुंपण’ची छापील प्रत माझ्या कपाटात आहे. तिच्या शेवटच्या पानावर एक सूर आहे, सुराच्या डोक्यावर एक लहान गोल आहे आणि त्याच्याखाली छापलेलं आहे, अलगद.